निळ्या आकाशाखाली बंद असलेला रोपवे: टेबल माउंटनवरचा ढग समजून घेताना

जानेवारी २०२४ मध्ये केपटाऊनला झालेली भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी आठवते? ६४२ चेंडूंत, दुसऱ्याच दिवशी सामना संपला आणि त्या मैदानावर भारताने पहिल्यांदाच कसोटी जिंकली. न्यूलँड्सच्या त्या मैदानामागे उभा दिसतो तो डोंगर म्हणजे टेबल माउंटन. मैदानातून दिसते ती त्याची पूर्वेची, झाडीची बाजू. पर्यटनाच्या चित्रांत असते ती उत्तरेची, शहराकडची बाजू. तिथून माथा पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ दिसतो, आणि पुष्कळदा त्या माथ्यावरून ढगाचं पांढरं कापड खाली ओघळत असतं. केपटाऊनचे लोक त्याला टेबलक्लॉथच म्हणतात.

हल्ली आपल्याकडून दक्षिण आफ्रिकेला जाऊन येणारे बरेच आहेत, आणि परतल्यावर त्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. आकाश निळं होतं, ऊन कडक होतं, हॉटेलच्या खिडकीतून डोंगर स्वच्छ दिसत होता, आणि तिकीटखिडकीवर मात्र पाटी होती: आज रोपवे बंद. दुसरा प्रश्न आमच्या ट्रेकच्या गटात निघतो. शहराला खेटून असलेल्या, सपाट माथ्याच्या डोंगरावर माणसं अडकतात कशी? मी सह्याद्रीत वीसेक वर्षं चालतोय, टेबल माउंटन पायी एकदाच चढलोय, आणि चढण्याआधी मलाही हे कोडंच होतं.

माथा सपाट कसा झाला?

टेबल माउंटनचा सर्वांत उंच बिंदू १,०८६ मीटरवर आहे. शहराकडून दिसणारी माथ्याची रेघ साधारण तीन किलोमीटर लांब आहे. एका अंगाला डेव्हिल्स पीक, दुसऱ्या अंगाला ६६९ मीटरचं लायन्स हेड, आणि पायथ्याशी थेट समुद्र. इथल्या मूळ खोइखोई लोकांनी या डोंगराला होएरिक्वागो म्हटलं, म्हणजे समुद्रातला डोंगर. १५०३ मध्ये वर चढलेल्या पोर्तुगीज खलाशी आंतोनियो द साल्दान्याने त्याला टेबल म्हटलं आणि पुढे तेच नाव चाललं.

सपाट माथे आपल्यालाही नवे नाहीत. पाचगणीचं टेबललँड आहे, कासचं पठार आहे. पण आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, काळ्या बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. टेबल माउंटनचा ज्वालामुखीशी संबंध नाही. तो वाळूचा दगड आहे, म्हणजे पाण्याखाली साचलेली वाळू दाबली जाऊन झालेला खडक, आणि त्याचं वय पंचेचाळीस कोटी वर्षांच्या पुढे जातं. हात लावला तर करकरीत लागतो, आपल्या कातळासारखा गुळगुळीत नाही.

वाळूचे थर आडवे साचले आणि आडवेच राहिले. पुढे जमिनीला वळ्या पडल्या, तेव्हा हा भाग वळीच्या तळाशी सापडला. सतरंजी दोन्ही बाजूंनी ढकलली की काही भाग वर उचलला जातो आणि मधला दबतो, तसं. वर उचललेला खडक ताणला जाऊन भेगाळला आणि कोट्यवधी वर्षांत झिजून गेला. दबलेला खडक मात्र घट्ट झाला. म्हणजे आज जो डोंगर म्हणून उभा आहे, तो एकेकाळचा खळगा आहे.

आडव्या थरांमुळे माथा सपाट राहिला आणि कडे उभे झाले. हे उभे कडे लक्षात ठेवा, ढगाच्या गोष्टीत त्यांचं काम आहे आणि वाट चुकण्याच्या गोष्टीतही.

ढग येतो कुठून?

केपटाऊनचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात असतो. साधारण ऑक्टोबर ते मार्च तिथे आग्नेयेकडून जोरकस वारा वाहतो. त्याचं नाव साउथ-ईस्टर. शहरातली घाण आणि धूर उडवून नेतो म्हणून त्याला केप डॉक्टर असंही म्हणतात. हा वारा फॉल्स बे नावाच्या रुंद उपसागरावरून दमट होऊन येतो आणि वाटेत त्याला हा भिंतीसारखा डोंगर आडवा येतो. बाजूने सगळाच निसटता येत नाही, तेव्हा तो वर चढतो.

हवा वर चढली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती फुगते आणि फुगताना थंड होते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, कारण हवा दाबली जाते. इथे नेमकं उलट. कोरडी हवा दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने थंड होते. थंड हवेत वाफ कमी मावते. एका ठरावीक तापमानाला ती वाफ थेंबांत बदलू लागते, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तो याच कारणाने. साउथ-ईस्टर डोंगर चढताना माथ्याजवळ दवबिंदू गाठतो आणि तिथे ढग दिसू लागतो.

सह्याद्री चढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जूनमध्ये अरबी समुद्रावरून आलेला वारा घाट चढतो, ढग होतात, कोकण आणि घाटमाथा भिजून निघतो आणि पलीकडे माण-खटाव कोरडं राहतं. नाणेघाटात पाणी वर उडवणारा तोच वारा. फरक एवढाच, की आपला मोसमी वारा उंचच उंच ढग उभारतो. साउथ-ईस्टर उथळ असतो. त्याच्या वर उबदार, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो, म्हणून ढग वर वाढू शकत नाही. तो माथ्यावर पातळ पसरतो, आणि म्हणूनच कापडासारखा दिसतो.

स्थानिक गोष्ट वेगळीच आहे. व्हॅन हंक्स नावाचा म्हातारा समुद्री चाचा डेव्हिल्स पीकवर सैतानाशी चिलीम ओढण्याची पैज लावून बसलाय, आणि हा ढग म्हणजे त्या दोघांचा धूर. पैज उन्हाळ्यातच का रंगते, याचं उत्तर वाऱ्यात आहे.

वारा एवढा जोरात, मग ढग उडून का जात नाही?

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो हे समजायला. खालून पाहिलं तर ढग तासन् तास तिथेच असतो. शहराच्या बाजूला कड्यावरून खाली पडताना दिसतो, पण पायथ्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. मधेच नाहीसा होतो.

ओढ्यात पाण्याखाली मोठा धोंडा असला की त्याच्यावर पाण्याचा फुगवटा दिसतो. फुगवटा जागचा हलत नाही, पाणी मात्र सतत बदलत असतं. टेबलक्लॉथ हा तसा फुगवटा आहे. दक्षिणेकडून नवी हवा चढते, माथ्याशी तिच्यातले थेंब दिसू लागतात. तीच हवा उत्तरेला उतरते, पुन्हा दाबली जाते, गरम होते आणि थेंबांची परत वाफ होते. एका बाजूने ढग विणला जातोय, दुसऱ्या बाजूने उसवतोय. मधल्या त्या कापडातला थेंब काही मिनिटांचाच सोबती.

आता खाली शहरात आकाश निळं का, ते कळेल. शहर डोंगराच्या उतरत्या बाजूला आहे. तिथे पोहोचते ती ढग विरघळून गेलेली, गरम आणि कोरडी हवा. वरच्या हवामानाची बातमी खालचं ऊन देत नाही.

पण ढगही नव्हता, तरी रोपवे बंद होता!

रोपवे बंद होतो तो मुख्यतः वाऱ्याने. नळाच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं. डोंगर आणि वरचं उबदार हवेचं झाकण यांच्यामधल्या फटीतून हवा जाते तेव्हा तिचंही तसंच होतं. माथ्यावर वेग वाढतो, कड्यावरून पलीकडे उतरताना भोवरे होतात, आणि रोपवेच्या तारा नेमक्या त्याच उतारावर आहेत. पायथ्याला तुमच्या हातातला नकाशा फडफडत नसेल, तरी वर उभं राहणं मुश्किल असू शकतं. हवेत वाफच कमी असेल तर वारा तेवढाच जोरदार, पण ढग नाही. म्हणजे स्वच्छ माथा पाहून अंदाज बांधला, तर तो हमखास चुकतो.

हा रोपवे १९२९ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि १९९७ मध्ये पूर्ण नव्याने बांधला गेला. आताच्या गोल डब्यात ६५ माणसं मावतात, आतली फरशी फिरत राहते, त्यामुळे खिडकीसाठी ढकलाढकली करावी लागत नाही. डब्याच्या पोटात पाण्याची टाकी आहे. त्या पाण्याच्या वजनाने डबा वाऱ्यात स्थिर राहतो आणि तेच पाणी वर वापरायलाही मिळतं. तरीही एका मर्यादेपुढे तो चालवत नाहीत आणि चालवू नये. वर असताना भोंगा वाजला तर वारा वाढतोय, खाली जाणाऱ्या रांगेत लागा, असा त्याचा अर्थ. फोटो राहिला म्हणून पंधरा मिनिटं थांबणारे मी पाहिलेत. त्यांच्या पुढची रांग तेवढ्यात कुठल्या कुठे लांबली होती.

शिवाय दरवर्षी तिथल्या हिवाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टच्या सुमारास, देखभालीसाठी रोपवे काही दिवस बंद असतो. सहलीची तारीख त्याच दिवसांत येत नाही ना, ते आधी पाहावं. केपटाऊनला मुक्काम चार दिवसांचा असेल तर पहिल्या दिवशी हवा चांगली मिळताच वर जा. साउथ-ईस्टर सुरू झाला की दोन-तीन दिवस सलग टिकू शकतो.

“आम्ही सह्याद्रीत चढणारे. हजार मीटर म्हणजे काय?”

हा आक्षेप रास्त आहे, आणि अर्धा खराही. शहरातून वर जाणारी सर्वांत सरळ वाट प्लॅटेक्लिप गॉर्जची. आपल्या भाषेत ही एक नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ. साल्दान्या याच नाळेतून वर गेला असं मानतात. डोंगराच्या मध्यावरून जाणाऱ्या टाफेलबर्ग रस्त्यावरून सुरुवात, सुमारे ७०० मीटरची चढाई, जवळजवळ सगळ्या दगडी पायऱ्या. सिंहगडाला आतकरवाडीतून नेमाने चढणाऱ्या माणसाला दम याहून फार जास्त लागणार नाही. दोन ते तीन तासांत माथा येतो.

मग अडतं कुठे? आपल्या हाडीमाशी खिळलेल्या सवयी तिथे उलट्या पडतात. आपल्याकडे डोंगराची उत्तर बाजू सावलीची, थंड. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. प्लॅटेक्लिपचं तोंड उत्तरेलाच. डिसेंबर-जानेवारीत दहानंतर त्या नाळेत शिरणं म्हणजे तापल्या तव्यावर चालणं, आणि वरपर्यंत सावलीला झाड म्हणावं असं फारसं काही नाही. माणशी तीन लिटर पाणी न्यावं आणि उजाडता निघावं. मी साडेसातला निघालो होतो, तरी शेवटच्या वळणांवर मान भाजून निघाली. टोपीला मागे पदर हवा होता.

नाळेच्या तोंडातून माथ्यावर पाय ठेवला की मात्र एका पावलात ऋतू बदलतो. खाली २८ अंश असेल तर केवळ उंचीमुळे वर दहाएक अंश कमी, त्यात वारा, त्यात ढगाचा ओलावा, आणि अंगावर घामाने चिंब टी-शर्ट. भर उन्हाळ्यात माणसं थंडीने कुडकुडतात ती अशी. वारा अडवणारं जाकीट सॅकमध्ये हवंच, खाली कितीही हास्यास्पद वाटलं तरी.

दुसरी वाट इंडिया व्हेन्स्टर. व्हेन्स्टर म्हणजे खिडकी, आणि तिथल्या कड्याच्या आकारात हिंदुस्थानचा नकाशा दिसतो म्हणून हे नाव, असं सांगतात. नावाच्या मोहाने आपले लोक या वाटेला लागतात. तिच्यावर कातळटप्पे आहेत, हाताने धरायला साखळ्या आणि लोखंडी कड्या आहेत, आणि उघड्या कड्याच्या कडेने जाणं आहे. रोप लावून कातळ चढण्याची सवय असेल तर चढायला सुंदर. उतरायला मात्र ही वाट घेऊ नये, वरून पुढची पकड दिसत नाही. पूर्वेकडून कर्स्टनबॉश बागेतून स्केलेटन गॉर्जची वाट आहे. ती दाट झाडीतून, ओढ्याकाठाने, शिड्यांवरून जाते. उन्हाच्या दिवशी मी तिलाच पसंती देईन. पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या मे ते ऑगस्टमध्ये, ती निसरडी असते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. इथल्या काही वाटांवर पर्यटकांना लुटल्याच्या घटना घडल्या आहेत. एकट्याने जाऊ नये. चार जणांचा गट बरा, याला चोरांपलीकडेही कारण आहे. एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात.

सपाट माथ्यावर वाट चुकते कशी?

सपाट असतो म्हणूनच चुकते. धारेवरून चालताना दोन्ही बाजूंचा उतार तुम्हाला वाटेवर ठेवतो. पठारावर तसं कुणी धरून ठेवत नाही. राजगडाच्या माचीवर धुक्यात चुकणं अवघड, कासच्या पठारावर सोपं. टेबल माउंटनचा माथा खालून वाटतो तसा पाटासारखा नाही. खडकांचे ढीग, खोलगट जागा, झुडपं आणि ओढे आहेत. टेबलक्लॉथ पसरायला अर्धा तासही पुरतो. मग दहा पावलांवरचं दिसत नाही.

अशा वेळी मन सांगतं, शहर खाली आहे, पाणी खाली जातंय, त्याच्या मागे उतरू. हीच चूक जिवावर बेतते. आडव्या थरांचे ते उभे कडे आठवा. माथ्यावरून सुरू होणाऱ्या कितीतरी घळी वरून सोप्या दिसतात आणि मध्यावर कड्याच्या तोंडाशी संपतात. पुढे उडी, मागे घसारा. ढग आला तर आल्या वाटेने परतावं किंवा आहात तिथे आडोशाला बसून फोन करावा, नवी घळ शोधू नये. फोनची बॅटरी म्हणून सकाळी व्हिडिओंत संपवू नये.

रोपवेच्या वरच्या ठाण्यापासून पाऊण-एक तास चाललं की सर्वोच्च बिंदू येतो, मॅक्लिअर्स बीकन. दगडांची रास आहे, दृश्याला फार नाही, पण गोष्ट मोठी. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय याने १७५२ मध्ये केपला जमीन मोजली आणि पृथ्वी दक्षिणेला भलत्याच आकाराची आहे असं उत्तर आलं. १८२० च्या सुमाराला हिंदुस्थानच्या महासर्वेक्षणातला एक अधिकारी आजारी रजेवर केपला आला. त्याने जागा पाहून तर्क केला, की डोंगरांच्या वस्तुमानाने लाकायचा ओळंबा आपल्याकडे ओढला असणार. पुढे खगोलशास्त्रज्ञ थॉमस मॅक्लिअरने पुन्हा मोजणी केली आणि तर्क खरा ठरला. या राशीला नाव त्याचंच. तो अधिकारी म्हणजे जॉर्ज एव्हरेस्ट.

हा ढग नुसताच त्रासाचा का?

केपटाऊनचा उन्हाळा कोरडा असतो, तरी माथ्यावरचे ओढे उन्हाळ्यात पूर्ण आटत नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ मार्लोट याने १९०२-०३ च्या उन्हाळ्यात माथ्यावर दोन पर्जन्यमापकं ठेवली. एक उघडं, दुसऱ्यात बोरूसारख्या काड्या उभ्या खोचलेल्या. उघड्यात सुमारे पाच इंच पाणी जमलं, काड्यांच्यात सुमारे ऐंशी. वाऱ्यासोबत आडवे जाणारे थेंब काड्यांनी गाळून घेतले होते. साऱ्या डोंगराला हा आकडा तसाच लावता येत नाही, पण झुडपं ढगातून पाणी ओढतात हे त्यातून दिसलं.

ही झुडपं म्हणजे फिनबॉस, बारीक, चिवट पानांचं रान. त्या टोकाच्या प्रदेशात सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात इतरत्र कुठेही उगवत नाहीत. २००४ मध्ये या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. फिनबॉसमधून झिरपलेलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, ते पाहून घाबरू नका. डोंगरातल्या मोजक्या ओढ्यांत टेबल माउंटन घोस्ट फ्रॉग नावाचा बेडूक राहतो. हा डोंगर सोडून तो दुसरीकडे नाही. ओढ्यात साबण लावून पाय धुणाऱ्यांनी त्याचा विचार करावा.

जहाजांना गोडं पाणी मिळायचं म्हणूनच डचांनी १६५२ मध्ये इथे तळ ठोकला आणि पुढे शहर वाढलं.  मग २०१८ मध्ये नळ बंद पडायची वेळ का आली? माथ्यावरची जुनी धरणं लहान आहेत, आणि आजचं लाखो वस्तीचं शहर पिण्यासाठी लांबच्या मोठ्या धरणांवर विसंबून आहे. सलग तीन हिवाळे तिथे पाऊस कमी पडला होता.

फिनबॉसला ठरावीक काळाने वणवा लागतो, धुराने त्याच्या काही बिया रुजतात. पण माणसाच्या निष्काळजीपणाने नको त्या वेळी लागलेली आग वाऱ्यावर शहरात उतरते. एप्रिल २०२१ मध्ये डोंगरावरून उतरलेल्या वणव्यात केपटाऊन विद्यापीठाच्या जॅगर ग्रंथालयाचं वाचनदालन जळालं, आफ्रिकेबद्दलचे दुर्मीळ संग्रह गेले. तेव्हा वर चहासाठी स्टोव्ह पेटवायचा नाही, सिगरेट तर नाहीच.

रोपवे बंदच असला तर?

साउथ-ईस्टर असेल तर लायन्स हेडवरही जाऊ नका, वरच्या कातळावर वारा माणसाला हलवतो. टेबल बेच्या पलीकडे ब्लाउबर्गस्ट्रँडचा किनारा आहे, तिथे जा. वाळू पायांना टोचेल, गॉगल लावा. समोर पाण्यापलीकडे अख्खा डोंगर दिसतो आणि त्याच्यावर ते कापड. ढगाच्या खालच्या काठावरचा एकच पुंजका धरा आणि नजर हलवू नका. तो कड्यावरून निघतो, घळीत झुकतो, फाटतो, दोरे सुटतात, आणि खडकाचा एक काळा पट्टा उघडा पडतो. तोवर वर दुसरा पुंजका निघालेला असतो.